रिसेल फ्लॅट घेताना टोकन आणि पुढचे पैसे नेमके कधी द्यायचे?

पर्वतीपायथा | १४ मार्च २०२५, रात्री १०:४२

मंडळी, सिंहगड रस्त्यावर आनंदनगर भागात एक टू बीएचके पसंत पडलाय. इमारत २००९ ची, सोसायटी नोंदणीकृत, भाव ८२ लाखांवर ठरलाय. मालक नवरा-बायको दोघंही आहेत आणि त्याच फ्लॅटवर त्यांचं २३ लाखांच्या आसपास कर्ज बाकी आहे. आम्हालाही कर्ज काढायचंय. एका बँकेनं माझ्या पगारावर ६५ लाखांचं प्री-ॲप्रूव्हल दिलंय.

ब्रोकरचं म्हणणं असं, की आत्ता ५१ हजार टोकन टाका, आठवड्याभरात पाचशेच्या स्टॅम्पवर समजुतीचा करार करून ९ लाख द्या, बाकी ९० दिवसांत. वर "३१ मार्चच्या आत उरका, १ एप्रिलपासून रेडी रेकनर (सरकारनं ठरवलेला जागेचा दर) वाढणार, स्टॅम्प ड्युटी अंगावर येईल" हेही आहे. दुसरं गिऱ्हाईक रांगेत उभं आहे हे वेगळं सांगायला नकोच.

बायको म्हणते कागद बघितल्याशिवाय नऊ लाख सोडायचे नाहीत. सासरे म्हणतात घासाघीस करत बसलास तर घर जाईल. हल्ली ज्यांनी व्यवहार केलाय त्यांनी सांगा, कुठल्या टप्प्यावर किती द्यावेत?

---

दुपारचाचहा | १४ मार्च, रात्री ११:०५

बायकोचं ऐका. धागा संपला.

---

वकीलीणबाई | १४ मार्च, रात्री ११:५१

धागा संपला नाही, पण बायकोचं बरोबर आहे.

५१ हजार द्यायला हरकत नाही, पण त्याआधी काही कागदांच्या झेरॉक्स हातात हव्यात: मालकांचा नोंदणीकृत करारनामा आणि सूची क्र. २ (त्या नोंदणीचा उतारा, इंडेक्स टू), त्याआधी फ्लॅट कुणाचा होता त्यांचे करारनामे थेट बिल्डरपर्यंत, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला पालिकेनं दिलेली परवानगी), सोसायटीचा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट), चालू वर्षाची मिळकतकर पावती आणि मालकांच्या बँकेचं कर्जबाकीचं पत्र. मालकाला खरंच विकायचं असेल तर हे सगळं संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर येतं. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर तुमची बँक कर्ज नाकारू शकते, आणि मग टोकन परत मागायला त्याच ब्रोकरच्या दारात जावं लागतं.

टोकन बँकेतूनच द्या. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीनं घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. दंड त्यांना होणार, पण रोखीची पावती कोर्टात सिद्ध करत तुम्हीच बसाल.

आता नऊ लाख. माझं स्पष्ट मत आहे, नोंदणी न झालेल्या कागदावर एवढी रक्कम देऊ नका. मोठी रक्कम द्यायची ती नोंदणीकृत साठेखताच्या (विक्रीच्या कराराच्या) दिवशी. मधे समजुतीचा करार करायचाच असेल तर पाच टक्क्यांच्या आत ठेवा, आणि तोही सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजे तपासल्याचा वकिलाचा अहवाल) आल्यावर. सर्च किमान ३० वर्षांचा घ्या. सोबत पेपरात जाहीर नोटीस द्या, साधारण १४-१५ दिवस हरकतींसाठी ठेवतात.

त्या करारात एक वाक्य शब्दशः घालून घ्या: "खरेदीदाराच्या बँकेने मिळकतीच्या कायदेशीर किंवा तांत्रिक कारणास्तव कर्ज नाकारल्यास विक्रेते संपूर्ण रक्कम ७ दिवसांत विनाकपात परत करतील." हे नसेल तर "टोकन नॉन-रिफंडेबल आहे साहेब" हे उत्तर ठरलेलं. रक्कम जप्त करता येते की नाही हे करारात काय लिहिलंय आणि व्यवहार कुणामुळे फिसकटला यावर ठरतं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा फरक केलाय: करार पाळला जाईल याची हमी म्हणून दिलेला इसार खरेदीदाराच्या दोषानं व्यवहार मोडला तर जप्त होऊ शकतो, पण किमतीचा हप्ता म्हणून दिलेली रक्कम तशी सहज गिळता येत नाही. म्हणून मोठी रक्कम "इसार" म्हणून लिहू देऊ नका.

---

हिशेबनीस | १५ मार्च, सकाळी ७:२०

बँकेत गृहकर्ज विभागात आयुष्य गेलं, आता निवृत्त. दोन गोष्टी सांगतो.

प्री-ॲप्रूव्हल हे तुमच्या पगाराचं झालं, फ्लॅटचं नाही. बँकेचा वकील कागद बघणार, मूल्यांकन करणारा इंजिनिअर जागेवर जाणार, त्यानंतर खरा आकडा कळणार. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर मिळकतीच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के ही कमाल मर्यादा. किंमत म्हणजे करारातली रक्कम आणि बँकेचं मूल्यांकन यांतली जी कमी ती. ८२ चे ८० टक्के म्हणजे ६५.६० लाख, म्हणून तुम्हाला ६५ मिळतील असं वाटतंय. मूल्यांकन ७६ आलं तर ६०.८० वर येऊन थांबाल. वरचे चार-पाच लाख ऐनवेळी कुठून आणणार? जुन्या इमारतीत हे नेहमी होतं. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी शुल्कही एवढ्या किमतीच्या घराला कर्जात धरत नाहीत, ते खिशातून.

म्हणून मोठा हप्ता तांत्रिक अहवाल आल्यावरच.

दुसरं, मालकांच्या कर्जाचं. तुमच्या स्वतःच्या हिश्श्यातला हप्ता मालकांच्या बचत खात्यात न टाकता त्यांच्या कर्जखात्यात टाका. चेकवर "अमुक बँक, गृहकर्ज खाते क्र. अमुक" असं लिहायचं. पैसे मालकांचेच होतात, पण त्या पैशातून मुलीची फी किंवा नवी गाडी होत नाही, कर्जच कमी होतं. करारात तसा उल्लेख करा.

---

आक्का_सांगलीकर | १५ मार्च, सकाळी ९:१४

आमच्या जावेच्या बाबतीत टोकन दिलं आणि पंधरवड्यात फ्लॅटचे मालकच वारले. फ्लॅट एकट्या त्यांच्या नावावर. दोन मुलगे, एक मुलगी दुबईला. टोकनचे पैसे त्यांच्या खात्यात, खातं गोठलं. वारस म्हणाले आम्ही काही सही केली नाही. पैसे आले परत, पण वर्ष गेलं आणि व्याज विचारायचं नाही असं ठरलं. मोठी रक्कम दिली असती तर काय झालं असतं विचार करा. नॉमिनी कोण, वारस कोण, हे आधीच गप्पांतून काढून घ्या. वाईट वाटतं विचारायला, पण विचारा.

आणि दोघं मालक आहेत ना, मग पावतीवर दोघांच्या सह्या. "ही गावाला गेलीये, नंतर करेल" चालवून घेऊ नका.

---

मुळशीकर | १५ मार्च, सकाळी १०:०२

मी विक्रेत्याच्या बाजूनं लिहितो, कारण इथं सगळे खरेदीदारच दिसताहेत.

मी गेल्या वर्षी फ्लॅट विकला. पहिल्या पार्टीनं ५१ हजार दिले आणि "बँकेचं चाललंय" करत चार महिने फ्लॅट अडवून ठेवला. दुसरीकडे मी जे घर घेत होतो तिथला माझा इसार बुडायची वेळ आली. खरेदीदाराला सगळी सुरक्षा आणि विक्रेत्यानं फक्त वाट बघायची, असं कसं चालेल? शिवाय साठेखताची नोंदणी झाल्यावर पैसे आले नाहीत तर माझ्या फ्लॅटवर तो नोंदवलेला करार बसतो. रद्द करायचा तर खरेदीदाराला पुन्हा रजिस्ट्रारकडे आणावं लागतं, आणि तो आला नाही तर कोर्ट. त्यामुळे मालक नऊ लाख मागतात तेव्हा ते चोर असतात असं नाही.

---

वकीलीणबाई | १५ मार्च, सकाळी ११:३०

मुळशीकर, मुद्दा रास्त आहे. त्याला उपाय तारखा. साठेखत अमुक तारखेपर्यंत, कर्जवाटप त्यानंतर अमुक दिवसांत, आणि उशीर खरेदीदाराच्या कारणानं झाला तर अमुक रक्कम कापली जाईल. दोन्ही बाजूंना बांधणारा करार असला की विक्रेता जास्त टोकनचा हट्ट सोडतो, हे बऱ्याचदा बघितलंय.

---

टेम्सकाठ | १५ मार्च, दुपारी ३:४८

इंग्लंडमध्ये हा प्रश्नच वेगळ्या पद्धतीनं सोडवलाय. किंमत ठरली तरी सर्च आणि सर्वे होईपर्यंत कुणी कुणाला इसार देत नाही. कॉन्ट्रॅक्टची अदलाबदल होते त्या दिवशी साधारण १० टक्के जातात, तेही सॉलिसिटरकडे. त्याआधी दोन्ही बाजू मोकळ्या. त्यामुळे मधल्या काळात विक्रेता जास्त भाव देणाऱ्याकडे पळू शकतो, तो त्रास आहेच. आपल्याकडे पैसे मधे कुणाच्या तरी विश्वासाच्या खात्यात ठेवायची पद्धत का नाही?

---

दुपारचाचहा | १५ मार्च, दुपारी ४:१०

आपल्याकडे आहे की, "ब्रोकरकडे ठेवा, मी आहे ना" हे त्याचंच नाव.

---

हिशेबनीस | १५ मार्च, संध्याकाळी ६:३५

ते मात्र अजिबात करू नका. एक पैसाही ब्रोकरच्या खात्यात नाही. दलाली देखील साठेखताच्या दिवशी, टोकनच्या दिवशी नाही.

रेडी रेकनरचं राहिलं. पर्वतीपायथा, तुमच्या फ्लॅटचं रेडी रेकनरप्रमाणे मूल्य किती येतं ते नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर बघा. ड्युटी लागते ती करारातली किंमत आणि रेकनरचं मूल्य यांतल्या जास्तीच्या रकमेवर. रेकनरनं ६४-६५ लाख येत असेल आणि तुमचा करार ८२ चा असेल, तर १ एप्रिलला रेकनर पाच-सहा टक्के वाढला तरी तुमच्या ड्युटीत रुपयाचा फरक पडत नाही. ७ टक्क्यांनी ५ लाख ७४ हजार, आजही आणि पुढच्या महिन्यातही. वर नोंदणी शुल्क ३० हजार.

---

पर्वतीपायथा | १५ मार्च, रात्री ९:२०

हे वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. मूल्य बघितलं, ६४ लाखांच्या थोडं वर आहे. ब्रोकरला विचारलं तर म्हणाला, "साहेब मी जनरल बोललो."

आणखी एक, तो म्हणतो बायकोचं नाव घाला, एक टक्का वाचतो. खरं आहे का?

---

वकीलीणबाई | १५ मार्च, रात्री ९:५५

सगळे खरेदीदार महिला असतील तरच. तुम्ही दोघं मिळून घेतलंत तर सवलत नाही. एकट्या बायकोच्या नावावर घेतलंत तर ८२ हजार वाचतील. कर्जात तुम्ही सहअर्जदार राहू शकता, पण मालकी नसल्यामुळे आयकरात गृहकर्जाची वजावट तुम्हाला घेता येणार नाही. हिशेब करून ठरवा.

---

नवीमुंबईवाली | १६ मार्च, सकाळी १०:४०

हे बिल्डरच्या नव्या बांधकामालाही असंच का? आम्ही खारघरला बघतोय. सेल्सवाला म्हणतो रविवारी १ लाखाचा चेक द्या, महिन्याभरात २० टक्के, करारनामा मग सवडीनं.

---

वकीलीणबाई | १६ मार्च, सकाळी ११:२५

तिथं चित्र उलटं आहे, कायदा तुमच्या बाजूनं जास्त स्पष्ट आहे. रेरा कायद्याच्या (बिल्डरवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर मिळकत कायद्याच्या) कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. "२० टक्के आणि करार सवडीनं" हे सरळ कायद्याबाहेरचं आहे. तोंडावर सांगा, सेल्सवाल्याला हे माहीत असतं.

१० टक्क्यांच्या आत पैसे दिलेत तर वाटपपत्र (फ्लॅट तुम्हाला दिल्याचं बिल्डरचं पत्र) घ्या. महारेरानं (राज्याच्या रेरा प्राधिकरणानं) २०२२ मध्ये त्याचा आदर्श नमुना दिलाय. त्या नमुन्यात बुकिंग रद्द केलं तर पहिल्या १५ दिवसांत काहीही कापायचं नाही, १६ ते ३० दिवसांत किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० मध्ये दीड, आणि त्यानंतर २ टक्के. म्हणजे वाटपपत्राची तारीख महत्त्वाची. चेक रविवारी घेतला आणि पत्र महिन्यानं दिलं, असं होऊ देऊ नका.

करारानंतरचे हप्तेही आदर्श करारात बांधलेले आहेत: करार झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं पूर्ण झालं की ४५, स्लॅब पूर्ण होईपर्यंत ७०, मग भिंती-प्लास्टर, जिने-लिफ्टचे टप्पे करत ९५ आणि शेवटचे ५ भोगवटा प्रमाणपत्र आल्यावर ताबा देताना. ही कमाल मर्यादा आहे. मागणीपत्र आलं की सोबत आर्किटेक्टचं प्रमाणपत्र मागा आणि एकदा साइटवर जाऊन डोळ्यांनी स्लॅब मोजून या.

---

बाणेरचा_बंड्या | १६ मार्च, दुपारी १:०५

यात जीएसटीची एक भानगड आहे, फारसं कुणी सांगत नाही. तयार इमारतीला पूर्णत्वाचा दाखला मिळाला असेल आणि सगळेच्या सगळे पैसे त्यानंतर दिले असतील तर जीएसटी लागत नाही. पण दाखला येण्याआधी काही रक्कम दिलेली असेल, अगदी बुकिंगचा चेक असला तरी, पूर्ण किमतीवर जीएसटी लागतो. साध्या घराला ५ टक्के, परवडणाऱ्या घराला १. "दाखला पुढच्या महिन्यात येतोय, आत्ता बुक करा म्हणजे रेट लॉक" असं बिल्डर म्हणतो तेव्हा ८० लाखांच्या फ्लॅटवर ४ लाख कुठून येतात ते बघा. शक्य असेल तर दाखल्याची प्रत हातात येईपर्यंत थांबा.

---

नवीमुंबईवाली | १६ मार्च, दुपारी २:३०

बापरे. हे कुणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद बंड्या.

---

पर्वतीपायथा | ५ एप्रिल २०२५, संध्याकाळी ७:१८

अपडेट देतो, बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं.

टोकन ५१ हजार नेफ्टनं, दोघा मालकांच्या जॉइंट खात्यात, पावतीवर दोघांच्या सह्या. तोपर्यंत कागद आले होते. भोगवटा प्रमाणपत्र आहे, पण आधीच्या मालकाचा बिल्डरबरोबरचा मूळ करारनामा मालकांकडे नव्हता. तो त्यांच्या बँकेच्या ताब्यात आहे हे कर्जाच्या कागदपत्रांच्या यादीवरून कळलं. सर्च स्वच्छ आला. जाहीर नोटिशीवर कुणाची हरकत नाही.

मग समजुतीचा करार. मालकांना आधी पटलं नाही. मुळशीकरांचा मुद्दा मीच त्यांच्या बाजूनं मांडला आणि आमच्या उशिरासाठी रक्कम कापायचं कलम आमच्या वकिलांकडून घालून घेतलं. त्यावर ते नऊवरून ३ लाख ४९ हजारांवर आले, म्हणजे टोकन धरून ४ लाख. ते थेट त्यांच्या कर्जखात्यात गेले.

मूल्यांकन ७७ लाख आलं. ८० टक्क्यांनी ६१.६० लाख, बँकेनं ६१ मंजूर केले. आधी नऊ लाख देऊन बसलो असतो तर वरचे चार लाख उभे करताना घाम फुटला असता, आता पीएफमधून करतोय.

साठेखत पुढच्या आठवड्यात. त्या दिवशी १७ लाख. त्यानंतर आमची बँक त्यांच्या बँकेच्या पत्राप्रमाणे साधारण साडेएकोणीस लाखांचा चेक थेट त्यांच्या बँकेच्या नावे काढणार आणि उरलेले साडेएकेचाळीस ताब्याच्या वेळी मालकांना. रेकनर १ एप्रिलला वाढला खरा, राज्यात सरासरी ४.३९ टक्के, पण आमची ड्युटी तेवढीच.

आता प्रश्न टीडीएसचा, म्हणजे मालकांना पैसे देताना कापून सरकारकडे भरायच्या आयकराचा. तो शेवटी एकदाच कापायचा की दर वेळी?

---

हिशेबनीस | ५ एप्रिल, रात्री ८:४४

अभिनंदन. मालकांच्या बँकेकडून मूळ कागद सुटायचे आहेत, तो पाठपुरावा सोडू नका. पूर्ण कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. तुमच्या बाबतीत ते थेट तुमच्या बँकेकडे जातील असं पत्र दोन्ही बँकांमध्ये आधीच करून घ्या.

टीडीएस दर वेळी. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर प्रत्येक हप्त्यावर १ टक्का, टोकनवरसुद्धा. म्हणजे ५१ हजारांचे ५१० रुपये. बँक तिचे ६१ लाख पूर्ण देणार, तेव्हा त्यावरचे ६१ हजार तुमच्या १७ लाखांतूनच वळते करून ठेवा, नाहीतर मालकांना जास्त जाईल. ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत फॉर्म २६क्यूबी (टीडीएस भरायचा फॉर्म) भरायचा. मार्चमधले हप्ते असतील तर ३० एप्रिलपर्यंत. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये फी आणि वर व्याज.

आणि हो, मालकांचे पॅन आधारला जोडलेले आहेत का तपासा. पॅन निष्क्रिय असेल तर दर १ चा २० टक्के होतो, आणि नोटीस तुम्हाला येते, त्यांना नाही.

---

मुळशीकर | ५ एप्रिल, रात्री ९:३०

मालकांपैकी कुणी परदेशात राहत असेल तर हा १ टक्क्याचा हिशेब विसरा. अनिवासी विक्रेत्याला वेगळा दर, खरेदीदाराला टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) काढावा लागतो, आणि मालकानं आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणलं नसेल तर कापायची रक्कम लाखांत जाते. टोकन देतानाच विचारायची गोष्ट.

---

पर्वतीपायथा | ५ एप्रिल, रात्री ९:५२

दोघंही इथंच, पॅन बघितले, चालू आहेत. आम्ही दोघं खरेदीदार, ते दोघं विक्रेते. मग एक फॉर्म की दोन?

---

हिशेबनीस | ५ एप्रिल, रात्री १०:०७

चार. प्रत्येक खरेदीदार आणि प्रत्येक विक्रेता अशी जोडी, प्रत्येक हप्त्याला. निम्मी-निम्मी मालकी असेल तर दर फॉर्ममध्ये चौथा हिस्सा. हप्त्यांत पैसे देत आहात हे फॉर्ममध्ये निवडा, आधी दिलेली रक्कम भरा, आणि "शेवटचा हप्ता" याला फक्त बँकेच्या वाटपाच्या वेळी हो म्हणा. चलनं एका फोल्डरमध्ये ठेवा, कर्जवाटपाआधी बँक मागते. नंतर ट्रेसेसवरून (आयकर खात्याच्या टीडीएस संकेतस्थळावरून) फॉर्म १६बी, म्हणजे कर कापल्याचा दाखला, उतरवून मालकांना द्यायचा असतो.

---

दुपारचाचहा | ५ एप्रिल, रात्री १०:१५

५१० रुपयांचे चार फॉर्म. एकशे साडेसत्तावीस रुपयांचं एकेक चलन. मी भाड्याच्या घरात सुखी आहे.

---

हिशेबनीस | ५ एप्रिल, रात्री १०:२२

पूर्ण रुपयात भरतात, एकशे अठ्ठावीस करा.